चारमिनारचे दोन रुपये

नोकरीच्या सगळ्या काळात माझ्या पर्समध्ये ढीगभर चिल्लर असायची आणि त्यातलं एकही नाणं मला खर्च करता यायचं नाही. एसटीचा कंडक्टर सुट्टे मागायचा आणि मी नोट पुढे करायची. तो आधी नोटेकडे बघायचा, मग पर्सकडे. कुंभार पिंपळगावच्या रस्त्याला लागलं की खड्डे सुरू व्हायचे आणि प्रत्येक खड्ड्याला माझी पर्स वाजायची.

"मॅडम, पिशवी वाजून राह्यली अन् तुम्ही म्हणता सुट्टे न्हाईत."

"ते माझे नाहीत हो, शाळेचे आहेत."

"शाळेत चिल्लर कशापायी लागती?"

"गणिताला."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचे काही महिने तो मला तिकीटसुद्धा जरा जपूनच द्यायचा. पण शेवटी तोच माझा पुरवठेदार झाला. बॅगेत एखादं वेगळं नाणं आलं की बाजूला ठेवायचा आणि मी गाडीत चढले की म्हणायचा, "घ्या मॅडम, तुमच्यासाठी नमुना ठेवलाय." मी बदल्यात तेवढे पैसे द्यायची, आणि तिकिटाला पुन्हा नोट काढायची. त्याने नंतर त्यावर बोलणं सोडून दिलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. आता निवृत्त होऊन नवीन जालन्यात राहते. शाळा पिंपळगावच्याही पुढे, आत गेलेल्या एका गावात होती. वरच्या वर्गांना गणित आणि विज्ञान माझ्याकडे, आणि शिक्षक कमी पडले की इतिहासही माझ्याच गळ्यात. शाळेत विज्ञानाचं साहित्य नव्हतं असं नाही. कपाट भरून होतं. पण त्या कपाटाची किल्ली आमचे मुख्याध्यापक साबळे सर यांच्या खिशात असायची. काचेचं भांडं मागितलं की ते विचारायचे, "फुटलं तर?" म्हणून मी न फुटणारी वस्तू शोधली. नाणं फुटत नाही, त्याला वेगळा खर्च लागत नाही, सगळ्या देशात एकाच मापाचं असतं आणि मुलांच्या खिशात असतं. नाण्यांनी शिकवण्याचा माझा जो काही लौकिक झाला, त्याचं मूळ साबळे सरांच्या त्या किल्लीत आहे.

नाण्याने शिकवतात म्हणजे काय करतात, असं मला अजून लोक विचारतात. समजा वर्तुळ शिकवायचं आहे. नाण्याच्या कडेवर पेनाने खूण करायची, कागदावर नाणं उभं धरून एक पूर्ण फेरा होईपर्यंत घरंगळवायचं आणि ते किती लांब गेलं ते मोजायचं. मग नाण्याची रुंदी मोजायची आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. तीन आणि वर थोडं येतं. रुपया घ्या, दोनाचं घ्या, पाचाचा जाड ठोकळा घ्या, तीन आणि वर थोडंच. मुलं आधी विश्वास ठेवत नाहीत. एका पोराने घरी जाऊन आईच्या भाकरीभोवती दोरा फिरवला. तिथेही तीन आणि वर थोडं आलं, आणि भाकरी गार केली म्हणून पाठीतही आलं. दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही गोष्टी सारख्याच अभिमानाने वर्गात सांगितल्या.

दोन रुपयांचं जुनं नाणं गोल नसतं, त्याला अकरा बाजू असतात, हे किती जणांना ठाऊक आहे? हातातून हजार वेळा गेलेलं असतं, पण मोजत कोणी नाही. मी ते वर्गात फिरवायची आणि म्हणायची, "हे गोल आहे की नाही, एवढंच सांगा." अर्धा तास भांडण चालायचं. फुटक्या स्पीकरचं एक लोहचुंबक माझ्याकडे होतं. हल्लीचा रुपया त्याला चटकन चिकटतो, जुना जाड रुपया ढिम्म हलत नाही आणि दहा पैशांचं हलकं नाणं तर पाण्यावर अलगद ठेवलं तर तरंगतंसुद्धा. तिघांवरही सरकारचाच शिक्का, मग वागणूक वेगळी का? इथून धातूंचा धडा सुरू व्हायचा. मुलं एकदा ते चुंबक घेऊन किराणा दुकानात गेली आणि दुकानदाराच्या गल्ल्यात घातलं. तो माझ्याकडे तक्रार घेऊन आला, पण जाताना चुंबक दोन दिवसांसाठी मागून घेऊन गेला.

आणि पाण्यातल्या पैशाचा प्रयोग. खोल वाटीत नाणं ठेवायचं. मुलाने एवढं मागे सरकायचं की वाटीच्या काठाआड नाणं दिसेनासं व्हावं. मग कुणीतरी वाटीत हळूच पाणी ओतायचं. नाणं जागचं हलत नाही, मुलगा जागचा हलत नाही, पण नाणं दिसायला लागतं. पाण्यातून बाहेर येताना उजेडाची वाट वाकते, एवढंच त्यातलं शास्त्र. पण गावात बातमी वेगळीच गेली. एक दिवस मधल्या सुट्टीत एक बाई पितळी वाटी घेऊन शाळेच्या ओट्यावर येऊन बसली.

"मॅडम, तुमी पाण्यात न दिसणारी वस्तू दाखविता म्हणं."

"नाणं दाखवते."

"मंग माझी शेळी बघा की. परवापास्नं गायब हाय."

मी तिला प्रयोग करून दाखवला, समजावून सांगितलं. तिने सगळं मन लावून ऐकलं आणि शेवटी म्हणाली, "बराबर हाय. म्हंजे शेळी पाण्याकडंच गेली." ती नदीकडे गेली. शेळी नदीलाच सापडली. त्यानंतर माझी गावातली पत इतकी वाढली की ती मला सांभाळणं कठीण गेलं.

आता मी भाजी घ्यायला जाते तेव्हा गाडीवर चौकोनी ठिपक्यांचं चित्र लावलेलं असतं. सगळे मोबाईल दाखवतात. नातवाच्या खिशात नाणं नसतं. परवा मी त्याला छापा-काटा म्हटलं तर त्याने मोबाईलवर छापा-काटा करून दाखवला. वाईट वाटलं. तक्रार कुणाकडे करणार?

पण मला सांगायचं आहे ते दोन रुपयांबद्दल. चारमिनारच्या रुपयांबद्दल.

आपला सगळा भाग निजामाच्या राज्यात होता, हे पुस्तकात एका परिच्छेदात येतं आणि पोरं ते पाठ करून विसरून जातात. नाणं हातात दिलं की विसरत नाहीत. निजामाचं स्वतःचं नाणं होतं, त्याला हाली म्हणायचे. इंग्रजांच्या रुपयाला म्हणायचे कलदार. बाजारात दोन्ही चालायची आणि भाव वेगवेगळा. आमच्याकडे अजूनही एखादं म्हातारं माणूस खणखणीत गोष्टीला कलदार म्हणून जातं. तर मी दिवाळीच्या सुट्टीआधी नाण्यांचं प्रदर्शन ठरवलं आणि मुलांना म्हटलं, घरातलं सगळ्यात जुनं नाणं आणा, घरच्यांना विचारून आणा. विस्तार अधिकारी पाहायला येणार होते, त्यामुळे साबळे सर आधीच घाबरलेले होते.

भोकाचे पैसे आले, आणे आले, कुणी गुळगुळीत झालेला ढब्बू पैसा आणला. आणि चारमिनारचे चांदीचे रुपये दोन आले. एक सातवीतल्या शबनमने आणला. तिच्या दादीला, हमीदाबींना, तो लग्नात वडिलांनी दिला होता. ट्रंकेच्या तळाशी राहून काळा पडला होता आणि त्याला अत्तराचा वास येत होता.

दुसरा तिच्या वर्गातली सारिका आणणार होती, पण तो घेऊन तिची आजीच आली. कौसाबाई. उंच, काटक बाई, बोलायला तिखट. पदराची गाठ सोडून तिने रुपया माझ्या हातात ठेवला. तो चांदीचा आहे हे सांगावं लागलं असतं. हळदीकुंकवाचे थरावर थर बसून तो लालकाळा झाला होता. चारमिनारच्या कमानी बुजून गेल्या होत्या.

"लक्ष्मीपूजनाचा हाय," ती म्हणाली. "पाटावर ठेवायला पायजे. तवर माघारी द्या. अन् धुऊ नका."

बाकी घरांत लक्ष्मीपूजनाच्या आधी चांदीचं नाणं चिंच लावून लख्ख घासतात. मी विचारलं, तुमच्यात घासत नाहीत का?

"आमची सासू घासू देत नव्हती. म्हणायची, वरून कुंकू लावायचं, खालचं काढायचं न्हाई." मग ती जरा थांबून म्हणाली, "लई खाष्ट व्हती. साखरेच्या डब्याला कुलूप लावायची. जल्मात एक गोष्ट राजीखुशीनं दिली मला, हा रुपया. पहिल्या दिवाळीला. स्वताच्या हातानं कुंकू लावलं अन् म्हणली, आता तू सांभाळ."

मी रुपया कागदात गुंडाळला, वर सारिकाचं नाव लिहिलं आणि डब्यात ठेवला. शबनमचाही तसाच. दोघी एकाच बाकावर बसणाऱ्या, त्यांचे रुपयेही शेजारी शेजारी.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मला बैठकीला जावं लागलं. सारिका त्या दिवशी शाळेत नव्हती, घरचा कापूस वेचायला गेली होती. जाताना मी सातवीच्या मुलींना सांगितलं, उद्या साहेब येणार आहेत, वर्ग नीट लावून ठेवा. हे वाक्य मी नोकरीत कितीदा उच्चारलं असेल. त्या वाक्याने कधी काही बिघडलं नव्हतं.

दुपारी परत आले तर वर्ग सारवल्यासारखा स्वच्छ, टेबलावर पांढरी चादर आणि चादरीवर नाण्यांच्या ओळी. सगळी नाणी लखलखत होती. मी दारातच उभी राहिले. मुली एका रांगेत उभ्या, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत चिंचेने माखलेले, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मला ओरडताही येईना. कोपऱ्यात घमेलं, घमेल्यात चिंचेचं पाणी. खिडकीत माझे कागदाचे तुकडे, नावं लिहिलेले, एकावर एक घड्या घालून, वर दगड ठेवून नीट लावलेले.

"मॅडम, लक्ष्मीपूजनाला घासतेत तसे घासले," एकजण म्हणाली.

शबनम पुढे आली. तिच्या घरी लक्ष्मीपूजन नसतं, पण दर दिवाळीला ती सारिकाकडे असते आणि दोन्ही घरची कामं जाणते. "सारिकाचा लई घाण झाल्ता, मॅडम," ती म्हणाली. "ती आज न्हाई म्हून मीच घासला. सगळ्यात जास्ती घासला."

मी विचारलं, "सारिकाचा कुठला?"

तिने बोट उचललं. मग ते बोट एका रुपयावरून दुसऱ्यावर गेलं आणि पुन्हा पहिल्यावर आलं. दोन्ही रुपये चकचकीत, दोन्हींवर चारमिनार, दोन्हींवर उर्दू अक्षरं. बोट हवेतच राहिलं आणि पोरगी रडायला लागली.

तोवर बातमी शेतात पोचली होती. मधल्या सुट्टीत शबनमच धावत जाऊन सारिकाला कौतुकाने सांगून आली होती, तुझा रुपया बघ कसा चमकून राह्यला. त्यामुळे मी अजून हातातली पिशवी खाली ठेवते आहे तोच कौसाबाई दारात आली. कपाशीच्या बोंडांचा कचरा तिच्या पदराला तसाच होता. मागे सारिका, तिचे डोळे सुजलेले. थोड्या वेळाने हमीदाबीही आल्या, काठी टेकत, कमरेला पानाचा बटवा. नात रडते म्हणून त्यांना कुणीतरी बोलावलं होतं.

कौसाबाईने टेबलावरचे दोन्ही रुपये पाहिले. हात लावला नाही. खाली जमिनीवर बसली.

ती ओरडली असती तर बरं, असं तिच्याकडे पाहून मला वाटलं. शेवटी साबळे सर आले आणि बोलणं त्यांनी सुरू केलं. "मॅडम, मी आधीपासून सांगत होतो. उद्या साहेब येणार. ज्याची नाणी त्याला द्या आणि हा डबा बंद करा."

"ज्याचं त्याला द्यायचंय हो सर, पण कुणाचं कुठलं?" मी म्हटलं.

हमीदाबी पुढे झाल्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांनी दोन्ही रुपये चाचपून पाहिले. "मला कोनता बी द्या जी," त्या म्हणाल्या. "चांदी ती चांदी. कौसाबाई, तुमी पैले उचला. तुमच्या मनाला येईल तो तुमचा."

त्या मनापासून बोलत होत्या. कौसाबाईने मान हलवली. "असं न्हाई चालत, हमीदाबी. दुसऱ्याच्या रुपयाला मी लक्ष्मी म्हणू? अन् माझी म्हातारी तिकडं तुमच्या ट्रंकेत पडून राहील." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "यंदा पाट मोकळाच ऱ्हाऊ द्या."

रागाने म्हणाली असती तर मी समजूत काढली असती. ती अगदी शांतपणे म्हणाली. आयुष्यभर जिच्या धाकात राहिली, त्या सासूचं तिच्याजवळ काय होतं? एका रुपयाच्या खाचांत बसलेलं कुंकू. ते आता त्या घमेल्यात गेलं होतं. वर्गभर मुली माझ्याकडे बघत होत्या आणि मी विज्ञानाची बाई होते. काहीतरी करणं भाग होतं.

आधी शबनमने वाचून पाहिलं. तिच्या दादीने तिला उर्दू शिकवली होती. रुपयांवरचं साल तिने वाचलं, दोन्हींवर वेगळं निघालं. आम्हाला हुरूप आला. पण कुणाच्या रुपयावर कुठलं साल होतं? कौसाबाईचा तर कुंकवाखाली झाकलेला, आणि हमीदाबींना एवढंच ठाऊक की अब्बांनी दिला. मग साबळे सरांनी खिशातून किल्ली काढली आणि ते कपाट उघडलं. माझ्यासमोर पहिल्यांदा. तराजू निघाला, एका पारड्यात पालीची जुनी अंडी निघाली, ती काढली. वजन केलं. एक रुपया केसभर जड भरला.

"मंग?" कौसाबाईने विचारलं.

"मग काही नाही," मी कबूल केलं. कोणता जड असायला हवा, हे आधी माहीत असलं तरच तराजूला काही सांगता येतं. आवाज करून पाहिला, दोन्ही सारखेच वाजले. चुंबकाला चांदी चिकटतच नाही. इतकी वर्षं ज्या नाण्यांनी मी गावाला शहाणं करत होते, ती नाणी माझ्याकडे बघून गप्प होती.

मी कौसाबाईजवळ खाली बसले. काही सुचेना म्हणून विचारलं, "आजी, कुंकू कुठलं होतं? बाजारचं?"

"बाजारचं नको म्हणायची ती. घरी करायची. हळकुंडं कुटायची, चुना अन् खार घालायची, लिंबू पिळायची. लाल झालं की सावलीत वाळवायची. मी बी अजून तसंच करते. वरसातून एकदाच, ह्या रुपयापुरतं."

"म्हणजे सगळं हळदीचंच?"

"मंग. दुसरं काय असतं त्यात?"

मी शबनमकडे वळले. "घासताना पाणी कसं आलं होतं? लाल?"

तिने नाक पुसलं, आठवलं. "लाल न्हाई मॅडम. पिवळं आलं. मला वाटलं चिंचेचं असंल."

माझ्या डोक्यात दिवा लागला. खरं तर तो आधीच लागायला हवा होता, कारण हळदीचा हा धडा मी दरवर्षी शिकवत होते. कपड्यावर भाजीचा हळदीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला की तो लाल होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेलं असतं. चुना, साबण, सोडा यांनी हळद लाल होते. आंबट लागलं की पुन्हा पिवळी. कुंकू म्हणजे चुन्याने लाल केलेली हळद. पोरींनी चिंच लावली, कुंकू पिवळं झालं आणि बरंचसं वाहून गेलं. पण सगळं गेलं असेल का? वर्षानुवर्षं बसलेला थर, चारमिनारच्या त्या बारीक कमानींत, अक्षरांच्या खाचांत, जिथे चिंचेचं बोट पोचतच नाही? आणि सगळ्यात तळाशी कुणाचं कुंकू असणार, हे मी मनातल्या मनातही म्हटलं नाही. उगाच आशा दाखवायची नव्हती.

"चुना हवा," मी म्हटलं.

हमीदाबींनी बटव्यातून चुन्याची डबी काढली आणि काही न विचारता पुढे केली.

खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडून चिमूटभर हळद आणली. चुना पाण्यात कालवून ठेवला आणि वरची निवळी येईपर्यंत सगळे वाट पाहत बसले. आधी मी हळदीवर थेंब टाकला, ती लाल झाली. कौसाबाई म्हणाली, "हे मला ठावं हाय." मला मात्र एक धास्ती होती. दोन्ही रुपये एकाच घमेल्यात घासले होते. एकाची हळद दुसऱ्याला लागली असली आणि दोन्ही लाल झाले, तर काय करायचं? म्हणून दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत, स्वच्छ पाण्यात, पुन्हा पुन्हा खळखळून घेतले. तेवढं खळखळताना कौसाबाईच्या तोंडावर काय चाललं होतं, ते बघायची माझी हिंमत झाली नाही.

पहिल्या रुपयावर काडीने निवळीचा थेंब सोडला. भिंग घेऊन मी वाकले, माझ्यावर मुली वाकल्या, मुलींवर साबळे सर वाकले. काही झालं नाही. थेंब पाण्यासारखाच राहिला. आणखी एक टाकला. चांदी तशीच पांढरी.

दुसरा रुपया घेतला. थेंब चारमिनारच्या बरोबर मधोमध पडला. क्षणभर इथेही काही नाही. मग मधल्या कमानीच्या आत, अगदी तळाशी, एक रेघ उमटली. केसासारखी. तांबूस, मग लाल. तिच्या शेजारच्या मिनाराच्या कडेला दुसरी. मग अक्षरांच्या पोटातून, एकेका वळणातून लाल वर यायला लागलं. भिंगाची गरज राहिली नाही. पांढऱ्याशुभ्र चांदीवर चारमिनार कुणी बारीक काडीने कुंकवाने काढावा, तसा दिसायला लागला.

सारिका आणि शबनम एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. या वेळी मी त्यांना रडू दिलं.

हमीदाबींनी विचारलं, "मला दिसून नाही राह्यलं. काय झालं?"

"तुमचा तो पांढरा," मी सांगितलं. "हा कौसाबाईंचा. कुंकू वर आलं."

"अच्छा झालं," त्या म्हणाल्या आणि डबीचं झाकण लावून टाकलं. "माझा चुना कामी आला."

कौसाबाई उठून टेबलाजवळ आली. तिने रुपया उचलला नाही, नुसता बघत राहिली. खाचांतून लाल अजून हळूहळू गडद होत होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडावर हसू होतं, आणि दोन्ही लपवायचा तिने काही प्रयत्न केला नाही.

"आली बघा," ती म्हणाली. "जित्ती व्हती तवा पिच्छा सोडला न्हाई. चिंचेनं घासली तरी जाती व्हय?"

मग तिने करंगळी त्या ओल्या लालावर टेकवली आणि सारिकाच्या कपाळाला लावली. शबनमच्या कपाळाकडे हात गेला, मध्येच थांबला, आणि तिने शबनमच्या गालावरून ती करंगळी फिरवली. मी सांगायला हवं होतं की तो चुना आहे, मुलींना चुरचुरेल. पण चुना आणि हळद एकत्र आले तर त्याला दुसरं काय म्हणणार होते मी? त्याला कुंकूच म्हणतात.

साबळे सर अजून भिंग डोळ्याला लावून उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या नाण्यांच्या बाबतीत स्वतःहून काही मागितलं. "मॅडम," ते म्हणाले, "हा प्रयोग उद्या साहेबांसमोर परत होईल का? आजी, रुपया एक दिवस राहू द्या की. आता कुणीच घासणार नाही, माझी हमी."

कौसाबाईने रुपया उचलला. ओलाच पदराच्या टोकात ठेवला, गाठ मारली आणि गाठ ओढून घट्ट आहे की नाही ते पाहिलं.

"साहेबाला दुसरं काई बी दाखवा," ती म्हणाली. "म्हातारी आता घरी चालली."